दिलेली किडनी कुणाची

माझ्या नवऱ्याला, ओड्वारला, किडनी दिली ती त्याच्या थोरल्या बहिणीने. गुनवोर तिचं नाव. आमच्या बेटावर तिचं घर आमच्या घराच्या वरच्या अंगाला, चर्चच्या मागे. तिने लग्न केलं नाही, मेंढ्या पाळल्या. सकाळ-दुपार शाळेच्या पोरांना गाडीतून ने-आण करायची आणि उरलेला वेळ मेंढ्यांमागे हिंडायचं. जीभ तिखट, पण सुईला भयंकर घाबरायची. लहानपणी लस टोचायला आलेल्या बाईला बघून ती शाळेतून पळाली आणि पालथ्या होडीखाली लपून बसली, ही गोष्ट बेटावर अजून सांगतात. ओड्वारच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच गुनवोर आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "माझी तपासा. दोन आहेत, एक नुसती पडूनच असेल."

तपासणीत निघालं की भावाबहिणीच्या रक्तातल्या सगळ्या खुणा जुळतात. सख्ख्या भावंडांतही असं दर वेळी होत नाही म्हणे. डॉक्टर खूश झाले. गुनवोर म्हणाली, "स्वभाव जुळला असता तर जास्त बरं झालं असतं."

ऑस्लोहून ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी मेंढ्या विण्याच्या दिवसांतली. तिने कळप शेजाऱ्यांच्या हवाली केला आणि गेली. शेजारी बिचारे झटले, पण त्या वर्षी तिची बरीच कोकरं दगावली. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. बोलायची ते वेगळंच. ओड्वार माणसं आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर, इंजिनात कामाला. तो शिडी उतरायला लागला की ही गाडीची काच खाली करून सगळ्यांसमोर ओरडायची, "जपून रे! माझा ऐवज घेऊन चाललायस!" लोक हसायचे. ओड्वारही हसायचा. पहिली काही वर्षं मनापासून, मग नुसतंच तोंडाने.

किडनीने काम चोख केलं. त्रास दिला तो गोळ्यांनी. बाहेरून आलेली किडनी शरीराला परकीच. शरीराने तिला हुसकून लावू नये म्हणून त्याची रोगांशी लढायची ताकदच दाबून ठेवायची, त्यासाठी त्या गोळ्या. पण ताकद दाबली की बाकीचे रोग मोकळे सुटतात. ओड्वारच्या कातडीवर कॅन्सरच्या गाठी यायला लागल्या. आधी कपाळावर, मग डोक्यावर, मग कानावर. एक कापली की दुसरी. डाव्या कानाची वरची कड तर राहिलीच नाही. शेवटची गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ही खोल गेली होती. पुढची कुठवर जाईल, सांगता येत नाही." शिवाय हात थरथरायचे. कॉफी सांडू नये म्हणून तो फेरीवर अर्धाच कप भरून घ्यायचा आणि बारीक स्क्रू दुसऱ्याला फिरवायला सांगायचा. आयुष्यभर इंजिनं उघडून बसलेल्या माणसाला ते किती लागत असेल, ते मला दिसत होतं.

अशात शहरातल्या हॉस्पिटलात तपासणीला गेलो असताना डॉक्टर आस्लाकने इंग्वीलला आत बोलावलं. इंग्वील ही तिथली नर्स. नव्या उपचारांच्या चाचण्यांसाठी रुग्ण गोळा करणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. चाळिशीची, शांत, घाई न करणारी बाई. तिने खुर्ची आमच्यासमोर ओढली.

"ओड्वार, तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या सगळ्या खुणा जुळतात. अशा लोकांना खरंच एवढ्या गोळ्या लागतात का, ते आम्हांला बघायचंय. अर्ध्या लोकांच्या गोळ्या हळूहळू कमी करणार, अर्ध्यांच्या आहेत तशाच ठेवणार. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. ना तू निवडायचंस, ना मी."

"आणि गोळ्या कमी केल्यावर शरीराने किडनीला ओळखलं तर?" त्याने विचारलं.

"तर ते तिच्यावर तुटून पडेल. रक्त आम्ही सारखं तपासत राहणार, म्हणजे लवकर कळेल. बहुतेक वेळा सावरता येतं. बहुतेक वेळा म्हणतेय मी. नेहमी नाही. किडनी जाऊही शकते. हे नीट ऐक आणि घरी जाऊन विचार कर. नाही म्हणालास तरी तुझ्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही."

तिने काही लपवलं नाही, हे मी आजही सांगेन. ओड्वारने आपला तुटका कान चाचपला आणि विचारलं, "बहिणीची सही लागेल का?"

"नाही. किडनी तुझी आहे."

परत येताना फेरीवर आम्ही वरच्या मजल्यावर स्वेले, म्हणजे जाड गोड धिरडी, आणि कॉफी घेऊन बसलो. मी म्हटलं, "गुनवोरला सांग."

"सांगेन की. आधी कुठल्या गटात पडतो ते तर कळू दे. गोळ्या तशाच राहिल्या तर उगीच तिचा जीव कशाला टांगणीला?"

तो पडला गोळ्या कमी करायच्या गटात. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "पहिली पायरी उतरू दे." पहिली उतरली, रक्त ठीक. "दुसरी उतरू दे." दुसरीही उतरली. मग तो म्हणाला, "आता चांगलंच चाललंय, तर कशाला?" सांगायला एक भीती, न सांगायला शंभर कारणं. मी तिला परस्पर सांगितलं असतं तर दोघांनीही मला फाडून खाल्लं असतं. म्हणून मी त्याच्याच मागे लागत राहिले.

आणि खरंच चांगलं चाललं होतं. हातांची थरथर थांबली. एक दिवस तो टेबलाशी बसून माझ्या आईचं जुनं मनगटी घड्याळ उघडून साफ करत होता. मी दारातूनच बघितलं आणि पुढे गेले नाही. गाठी यायच्या थांबल्या. ख्रिसमसला मेंढीच्या खारवलेल्या बरगड्या वाफवल्या होत्या, त्या त्यानेच कापून सगळ्यांना वाढल्या. गुनवोर त्याच्या हातांकडे बघत होती.

"हात बरा दिसतोय तुझा."

"व्यायाम करतो," तो म्हणाला.

"तू? व्यायाम?" ती हसली आणि बटाटे पुढे केले.

फेब्रुवारीत रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती. थोडंसंच. इंग्वीलने दोन दिवसांनी पुन्हा रक्त मागवलं, तर आणखी चढलेलं. त्याच दुपारी त्याला भरती केलं, किडनीत सुई घालून तुकडा काढला आणि संध्याकाळी आस्लाक येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याच्या तोंडावरूनच कळलं. शरीराने किडनी ओळखली होती.

जोरदार औषधं शिरेतून सुरू झाली. ओड्वारचं तोंड सुजलं. झोप उडाली. मी शहरात खोली घेऊन राहिले आणि दर दिवशी त्याला म्हणत राहिले, आता तरी बहिणीला फोन कर. तो भिंतीकडे तोंड करायचा.

बेटावर एकच दुकान आहे आणि फेरीवरच्या माणसांना तोंडं आहेत. गुनवोर अंडी घ्यायला गेली, तेव्हा गल्ल्यावरच्या बाईने तिला कळवळून विचारलं, "ओड्वारचा तो गोळ्या सोडायचा प्रयोग फसला म्हणे? आता कसा आहे?" गुनवोरने अंडी तिथेच ठेवली. गोठ्यातले बूट पायात तसेच, पुढची फेरी पकडून ती वॉर्डात आली. मी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हिवाळ्याच्या आधीपासून," ओड्वार म्हणाला.

"म्हणजे ख्रिसमसला तू माझ्यासमोर बसून मटण कापत होतास आणि मी विचारलं तर व्यायाम म्हणालास."

ती पलंगाच्या आणखी जवळ आली.

"मी ती तुला दिली. दिली म्हणजे दिली. तुझी झाली, मला मान्य आहे. उद्या समुद्रात टाकलीस तरी कायदा तुझ्याच बाजूने. पण माझ्या पोटातून काढलेली वस्तू तू पणाला लावलीस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! आरडाओरडा केला असता! मग घरी जाऊन तुझ्या त्या कानाचा विचार केला असता, आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी येऊन हो म्हणाले असते. एक रात्र तरी द्यायचीस मला त्यासाठी. तेवढीही माझी लायकी नव्हती?"

ओड्वारच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. औषधांमुळे त्याला एरवीही रडू यायचं, पण हे तसलं नव्हतं. तेवढ्यात इंग्वील रक्ताच्या नळ्या घेऊन आत आली. ही कोण, ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दोघांची नाकं सारखी आहेत.

"तू का ती, माणसं गोळा करणारी?" गुनवोरने विचारलं.

"हो. मी इंग्वील."

"मला कुणी विचारलं नाही."

"रुग्णाच्या परवानगीशिवाय आम्हांला कुणालाच काही सांगता येत नाही. नियम तसा..."

"नियम नाही विचारला मी तुला. तुझ्या मनात कधी आलं का, की ही किडनी कुठून तरी आलेली आहे?"

इंग्वीलने नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. दुसरी कुणी असती तर काहीतरी गुळगुळीत बोलून निघून गेली असती. ती म्हणाली, "नाही आलं. त्याला होणारे सगळे धोके मी त्याला समजावले. तुझा विचार माझ्या मनात आला नाही."

गुनवोर बाहेर जाऊन व्हरांड्यात खिडकीपाशी उभी राहिली. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "मोल्फ्रिड, तुला माहीत होतं."

"होतं. मी त्याला सारखं सांगत होते."

"हं," एवढंच म्हणून ती जिन्याने खाली गेली.

किडनी पुरती गेली नाही. निम्म्याहून कमी उरली. सगळ्या गोळ्या परत सुरू झाल्या, वर आणखी एक. महिन्याभरात हात पुन्हा थरथरू लागले. ओड्वार कामावर परतला. गुनवोर फेरीवर यायची, गाडीची काच बंद ठेवून समोर बघत बसायची. आमच्या घरावरून रोज जायची, आत वळायची नाही. सबंध उन्हाळा असा गेला. एका बेटावर राहून अबोला धरायचा म्हणजे मेहनतीचं काम असतं. दोघांनीही ते नेटाने केलं.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या असतात. ओड्वार दर वर्षी तिच्याबरोबर जायचा. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. सकाळी त्याने काठी घेतली, डबा घेतला आणि तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ती बाहेर आली, त्याला बघितलं, कुत्र्याला शीळ घातली आणि चालू लागली. हाही मागून. पुढचं मला त्यानेच संध्याकाळी सांगितलं.

वर खिंडीपाशी ती दगडावर बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबायला लागली. तिचा गुडघा बरीच वर्षं धरायचा. ती लंगडत चालते, एवढंच आम्ही बघत होतो.

"एवढं दुखतं तर गोळी का नाही घेत एखादी?" ओड्वार म्हणाला. कित्येक महिन्यांतलं ते पहिलं वाक्य.

"मला चालत नाहीत दुखण्याच्या त्या गोळ्या. किडनीला वाईट."

"कुणी सांगितलं?"

"ऑस्लोच्या डॉक्टरांनी. एकच आहे ना आता, म्हणाले, जपा."

ओड्वार म्हणाला, "म्हणजे तेव्हापासून तू..."

"तेव्हापासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं? तुला लाज वाटली असती आणि माझा गुडघा दुखायचा तो दुखलाच असता."

ओड्वार तिच्याशेजारी ओल्या गवतात बसला. त्याने मला सांगितलं, की तिथे बसल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं, त्या ऑपरेशनमधून ती बाहेर आलीच नव्हती. त्याच्यासारखीच ती रोज त्यात होती. तो म्हणाला, "गुनवोर, माझं चुकलं. गोळ्या कमी केल्या ते नाही. तुला सांगितलं नाही ते."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ऊठ आता. मेंढ्या पांगल्या."

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली. कोबी-मटण होतं. तिने दोनदा वाढून घेतलं आणि मटण वातड झाल्याचं मला ऐकवलं. इतक्या दिवसांनी नणंदेचा टोमणा ऐकून बरं वाटत होतं.

ओड्वार चाचणीतून बाहेर पडू शकला असता. इंग्वीलने तसं स्पष्ट विचारलंही. तो म्हणाला, "ज्यांचं चांगलं झालं तेवढेच मोजलेस तर पुढच्याला खोटं सांगशील. मला मोजत राहा." पुढच्या वर्षी इंग्वीलचा फोन आला तो गुनवोरसाठी. किडनी देणाऱ्यांचंही रक्त हवं होतं. कुणाचं शरीर किडनीला सांभाळून घेतं आणि कुणाचं नाही, याचा माग त्यातून लागतो का, ते बघायचं होतं. गुनवोर म्हणाली, "येते. पण आधी एक सांग. आता नवा माणूस घेताना त्याला काय विचारतेस?"

"ज्याने किडनी दिली त्याच्याशी बोललास का, हे विचारते. नसेल तर आधी बोलून ये म्हणते. सक्ती करता येत नाही. पण विचारते."

गुनवोर गेली. मी सोबत होते. सुई बघून तिने डोळे गच्च मिटले आणि माझा हात इतका आवळला, की अंगठीचा वळ उठला.

चाचणीचा निकाल लागायला बरीच वर्षं गेली. काही लोक अगदी थोड्या गोळ्यांवर छान राहिले. कुणा एका बाईच्या तर पार बंद झाल्या. काहींचं ओड्वारसारखं झालं. कुणाचं कसं होईल हे आधी ओळखायची खूण अजून पक्की सापडलेली नाही. काहीतरी हाती लागलंय, असं इंग्वील म्हणते. एवढंच.

गुनवोरची किडनी ओड्वारच्या पोटात पाच वर्षं आणखी चालली आणि मग दमली. चाचणी नसती तर किती चालली असती, ते देवालाच ठाऊक. गाठी थांबल्या नसत्या तर तो स्वतः किती चालला असता, तेही. आम्ही तो हिशेब मांडत नाही. आता तो एक दिवसाआड पलीकडच्या गावात डायलिसिसला जातो. मला मोतीबिंदू आहे, गाडी चालवता येत नाही. शाळेच्या गाडीचं काम सोडल्यापासून गुनवोरच त्याला नेते. तो यंत्राला जोडलेला असतो तेव्हा ती बाहेर बसून मोजे विणते आणि तिथल्या सगळ्यांशी भांडते.

गेल्या हिवाळ्यात तिथे नवी चाचणी आली. डायलिसिसवरच्या लोकांची हृदयं लवकर थकतात. त्यासाठी एक गोळी. अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. विचारायला इंग्वीलच आली होती, आता केस पांढरे झालेली. ओड्वार तिला म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

रविवारी त्याने गुनवोरला बोलावलं. कॉफी झाल्यावर सगळं सांगितलं. धोके सांगितले, काय कळलं आणि काय नाही कळलं तेही सांगितलं.

ती म्हणाली, "मला कशाला विचारतोस? माझी वस्तू तर गेली. हृदय तुझं आहे, आईने दिलेलं."

"तरी विचारतोय."

गुनवोरने कप खाली ठेवला. बराच वेळ ती बाहेर फेरीच्या धक्क्याकडे बघत बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते आम्हांला दिसू नयेत म्हणून ती तिकडे बघत होती, हे आम्हां दोघांनाही कळलं.

मग तिने इंग्वीलला फोन लावला. रविवार होता, पण इंग्वीलने उचलला. "मी ओड्वारची बहीण. त्या गोळीने कुणाचं बरंवाईट झालं तर घरी कोण सांगणार? यंत्रातून निरोप येणार की माणूस?"

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. गुनवोर "हं, हं" करत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "एक रात्र दे मला."

सोमवारी सकाळी ती त्याला न्यायला आली, तेव्हा दारातूनच म्हणाली, "घाल सही."

आता तो रोज नाश्त्याबरोबर ती पांढरी गोळी घेतो. आत औषध आहे की काहीच नाही, ते आम्हांला माहीत नाही आणि इंग्वीललाही नाही. गाडीत बसल्यावर गुनवोर विचारते, "घेतलीस?" तो घेतली म्हणतो, आणि ती गाडी सुरू करते.